सातवी चौकट

आज अकरा वाजताच वारा पडला.
वारेनाच्या कडेला, आमच्या परसात
लिंडन फुलून आठवडा झाला.
आमच्याकडे जुलैचं नावच लिंडन,
झाड आणि महिना एकाच हाकेला ओ देतात.

धुराट्यात पाइनच्या वाळक्या सुया, थोडं गोणपाट.
भाता दाबला की आधी मलाच खोकला.
मामा म्हणायचा, धूर पाहुण्यासारखा जाऊ दे आत,
वसुलीला आल्यासारखा नको.
मामाने हातमोजे कधी घातले नाहीत.
माझे आहेत, भांडी घासायचे,
पिवळे, मनगटाशी रबरबँड.

पटाशी घालून झाकण उचकटलं.
डिंकाने धरलेलं लाकूड कर्र करून सुटतं
आणि तो वास येतो:
मेण, तापलेली फळी, काळ्या पावाची आंबूस.
त्या वासात मी साठ वर्षांची उरत नाही.
किती वर्षांची होते, तेही सांगता येत नाही.

पहिली चौकट मधाची, टोपणं घातलेली.
दुसरी तशीच, इतकी जड की श्वास रोखून उचलली.
तिसरीत पराग,
हळदीचा पिवळा, विटेचा लाल,
एक खण राखाडी, कुठल्या फुलाचा देव जाणे.
चौथीत, पाचवीत अळ्या, पण सगळ्या थोराड.
अंडी नाहीत.
चष्मा नाकावरून घसरलेला,
जाळीच्या आत हात कसा घालायचा?
उन्हाकडे पाठ केली, खांद्यावरून उजेड पाडला,
खणांच्या तळाशी कणीएवढंही काही उभं नव्हतं.

गुणगुण बदलली होती
हे झाकण काढतानाच कळलं होतं, खरं तर.
मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

सातव्या चौकटीच्या खालच्या कडेला
भुईमुगाच्या शेंगेसारखं लोंबणारं राणीघर,
टोक गोल कापून बाजूला झालेलं.
म्हणजे जुनी गेली. निम्मं घर घेऊन गेली.
मागच्या मंगळवारी असणार,
मी दातांच्या डॉक्टरकडे तोंड उघडून पडले होते तेव्हा.

कुंपणापलीकडे कुणी खोकलं.
झिग्मास.
नऊ वर्षं आम्ही बोललेलो नाही,
नाल्याकाठच्या दीड वीत जमिनीवरून.
"तुझ्या माशा माझ्या नासपतीवर बसल्या होत्या.
उशीच्या अभ्र्यात धरल्या.
बापाच्या पेटीत ठेवल्यात. न्यायच्या तर ने."

आमच्यात माशा विकत नाहीत.
जिथून थवा उठला ते घर
आणि ज्याच्या झाडावर उतरला ते घर
सोयरी होतात. मित्राला जो शब्द आहे
तो माशीच्याच पोटातून आलाय.
शाळेत तीस वर्षं मुलांना शिकवला मी,
व्युत्पत्तीसकट, फळ्यावर अधोरेखित करून.

"राहू देत," मी म्हटलं.
मग, गप्प बसवेना म्हणून,
"किडा तपास. मूठभर माशा बरणीत घे,
पिठीसाखर घालून हलव, लाल ठिपके मोज."
"मला माहीत आहे," झिग्मास म्हणाला.
तोच जुना स्वर. नाल्याचं कुणी काढलं नाही.

चौकट परत बसवताना एक चिरडली.
गाय, कुत्रा, कोंबडी मेली
तर आमच्या भाषेत एक क्रियापद,
माणूस गेला तर दुसरं.
माशीला माणसाचं लागतं.
ते मी मोठ्याने म्हटलं, सवयीने.
पलीकडे झिग्मासने टोपी काढली,
की नुसता घाम पुसला,
जाळीतून नीट दिसलं नाही.

नवी राणी काही सापडली नाही.
असेल. किंवा उडायला गेली असेल आणि
एखाद्या पाकोळीने टिपली असेल.
दोन आठवडे पेटी उघडायची नाही,
आता एवढंच काम, आणि हेच मला जमत नाही.
झाकणावर वीट ठेवली.
परातीत पाणी ओतलं, खडे टाकले, बुडू नयेत म्हणून.
हातमोजे काढले तर आतून ओलेचिंब,
आणि डाव्या अंगठ्याला
केव्हाचा तरी एक काटा.